पद्मिनीचे चार ड्रम

१९६६ साली इटलीत फियाटने आपल्या ११०० या गाडीची नवी आवृत्ती आणली, '११०० आर'. तिच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते. तोवर कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये '११०० डी' सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. इटलीत ११०० चा अवतार १९६९ मध्ये संपला. कुर्ल्यात तो पुढची तीस वर्षं चालला. आधी 'डिलाइट', मग 'प्रेसिडेंट', १९७४ च्या सुमारास 'पद्मिनी' अशी नावं बदलली, पण मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी अखेरपर्यंत चार ड्रमांवरच थांबत राहिली. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला ब्रेक कोणता म्हणून विचारायची सोयच नव्हती. मिळेल ती गाडी घ्यायची आणि तिचे ब्रेक सांभाळायचे.

हे सांभाळणं हा त्या काळातला एक अख्खा धंदा होता. आज ब्रेकची आठवण येते ती सर्व्हिसिंगचं बिल वाचताना. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसिडरच्या काळात ती दर काही हजार किलोमीटरला यायची, कारण लायनर झिजला की शू आणि ड्रममधली फट वाढायची आणि ती कमी करायला कोणीतरी गाडीखाली शिरावं लागायचं.

ड्रम ब्रेकचं यंत्र तसं साधं. चाकाबरोबर फिरणारं बिडाचं भांडं म्हणजे ड्रम. त्याच्या आत अर्धगोल आकाराचे दोन शू, शूवर घर्षण करणारा लायनर, आणि वरच्या बाजूला व्हील सिलेंडर. पेडल दाबलं की मास्टर सिलेंडरमधलं ब्रेक ऑइल पाइपातून येऊन सिलेंडरचे पिस्टन बाहेर ढकलतं, शू फाकतात आणि ड्रमला आतून घट्ट भिडतात. गंमत अशी की पुढे फिरणारा ड्रम एका शूला स्वतःच आपल्याकडे ओढून घेतो. त्या शूला लीडिंग शू म्हणतात. त्यामुळे पायाला फार जोर लावावा लागत नाही, आणि व्हॅक्यूम बूस्टर नसलेल्या गाड्यांच्या जमान्यात हा मोठाच फायदा होता. फ्रान्समध्ये लुई रेनॉने १९०२ मध्ये ड्रमची जी कल्पना आणली ती पन्नास-साठ वर्षं टिकली त्याचं एक कारण हे. हायड्रॉलिक दाबाची भर पडली ती नंतर, १९२१ च्या अमेरिकन ड्यूसेनबर्गच्या चारही चाकांवर.

याच गुणाची दुसरी बाजू मिस्त्री लोकांना पाठ असे. स्वतःहून ओढून घेणारा शू एका चाकात जास्त ओढू लागला की स्टिअरिंग हातातून निसटू पाहतं. 'गाडी डावीकडे खेचते' ही तक्रार घेऊन आलेल्या गाडीचं निदान ठरलेलं असे: एकीकडे व्हील सिलेंडर गळून लायनर तेलकट झालाय, नाहीतर दुसरीकडे पिस्टन गंजून जागीच बसलाय. तेलकट लायनर शेगडीवर किंवा ब्लोलॅम्पने भाजून तेल उडवून देण्याचा जुगाड सर्रास चाले. चार दिवस ब्रेक लागायचा, मग खोलवर मुरलेलं तेल गरम होऊन पुन्हा वर यायचं. चांगला मिस्त्री अशा वेळी दोन्ही बाजूंचे लायनर एकदम बदलायला लावी. गिऱ्हाईक एकाच बाजूच्या पैशांवर अडून बसे. ही घासाघीस ब्रेकच्या कामाइतकीच जुनी आहे.

लायनर बदलण्याची पद्धतही आता पाहायला मिळणं कठीण. नवा शू कोणी विकत घेत नसे. जुन्या शूवरचे रिव्हेट छिन्नीने किंवा ड्रिलने उडवायचे, शू घासून स्वच्छ करायचा, त्यावर नवी लायनरची पट्टी बसवून पितळी किंवा तांब्याचे रिव्हेट ठोकायचे. ठोकायचं मधून कडेकडे, म्हणजे पट्टी मध्ये फुगत नाही. रिव्हेटचं डोकं लायनरच्या पृष्ठभागापेक्षा बरंच खाली असावं लागतं. लायनर झिजत त्या डोक्यापर्यंत आला की धातूवर धातू घासतो आणि ड्रमच्या आत चरे पडतात. मग ड्रम लेथवर चढवून आतून काढून घ्यायचा, तोही कंपनीने दिलेल्या कमाल व्यासाच्या मर्यादेत. ती ओलांडली की ड्रमची भिंत पातळ होते, लवकर तापते आणि तडकू शकते. किती कारागिरांनी ती मर्यादा मोजून पाहिली असेल, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

रिव्हेट झाले की शू ड्रमच्या गोलाईशी जुळवायचा. ड्रमच्या आत खडू फासायचा, शू लावून फिरवायचा, लायनरवर जिथे खडू उमटेल तो उंचवटा कानशीने घासायचा. हे न करता गाडी दिली तर पहिले काही दिवस ब्रेक लायनरच्या जेमतेम एखाद्या पट्ट्यावर लागतो, गिऱ्हाईक परत येतं आणि बोलणी खातो तो हेल्पर पोऱ्या.

त्या पोऱ्याचं ब्रेकच्या कामातलं पद तसं महत्त्वाचंच. ब्रेकच्या पाइपात शिरलेली हवा, म्हणजे 'एअर', काढताना आत बसून पेडल मारणारा तोच. मिस्त्री गाडीखाली, हातात पाना, निपलला प्लास्टिकची नळी, नळीचं दुसरं टोक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं. 'मार… मार… दाबून धर!' म्हणताच पेडल धरायचं, निपल उघडलं की ते खाली जातं, पण बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. उचलला तर हवा पुन्हा आत. सुरुवात बहुतेक गाड्यांत मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून. बुडबुडे थांबून पेडल दगडासारखं घट्ट झालं की ते चाक संपलं. मधल्या काळात वरच्या टाकीत ऑइल घालायला विसरलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आणि अ‍ॅडजस्टमेंट. जॅक लावून चाक उचलायचं. बऱ्याच गाड्यांत मागच्या प्लेटवर कॅमचा बोल्ट असे, काहींत ड्रमच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालावा लागे. चाक पूर्ण अडेपर्यंत घट्ट करायचं, एकदा ब्रेक दाबून शू मध्यावर आणायचे आणि मग हळूहळू ढिलं करत चाक किंचित घासत फिरेल इथे थांबायचं. दोन्ही बाजूंना सारखं. हँडब्रेक सोडलेला हवा, नाहीतर मागच्या चाकांचं माप चुकतं. काम अर्ध्या-पाऊण तासाचं, पण त्याचा कंटाळा केला की पेडल खाली जायला लागे. टॅक्सीवाल्यांनी त्यावर आपला तोडगा काढलेला होता: दोनदा पंप मारायचा, तिसऱ्याला ब्रेक लागतो. नवख्या प्रवाशाला ती पायाची खटखट ऐकू आली की धडकी भरे. ड्रायव्हरला वाटे, यात विशेष काय.

मुंबईत हा पंप चालून जाई, कारण गर्दीत वेगच नसे. घाटात मात्र कोणाची गय नव्हती. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण खुला होण्याआधी सगळी वाहतूक जुन्या हायवेने बोरघाटातून उतरायची. सतत ब्रेक दाबून ठेवला की ड्रम तापतो आणि तापला की प्रसरण पावून शूपासून दूर जातो. पेडल अजून खाली. लायनरमधल्या रेझिनचा वायू निघतो, घर्षण कमी होतं. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्याने हवेतला ओलावा ओढून घेतलेला असतो, त्या पाण्याची पाइपात वाफ होते आणि पेडल थेट फरशीला. या तिन्ही गोष्टी एकाच वळणावर घडू शकतात. म्हणून जुन्या ड्रायव्हरांचा नियम होता: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. डिस्कची तबकडी उघड्यावर असते, लवकर निवते, आणि तापून जाड झाली तरी तिला चिमटणाऱ्या पॅडपासून दूर जात नाही. १९५३ च्या ल मॉंच्या शर्यतीत जॅग्वारने डिस्कच्या जोरावर ड्रमवाल्यांना मागे टाकलं ते याच कारणाने, आणि १९५५ च्या सित्रोएन डीएसनंतर रोजच्या वापरातल्या गाड्याही तिकडे वळू लागल्या.

ब्रेक ऑइलबद्दलचं अज्ञान हा वेगळा विषय. नावात ऑइल असल्यामुळे टाकीत इंजिन ऑइल ओतण्याचे प्रकार घडत. खनिज तेलाने सिलेंडरमधले रबरी वॉशर फुगतात, पिस्टन अडकतात, आणि मास्टर सिलेंडरपासून चारही चाकांपर्यंतची सगळी रबरं बदलावी लागतात. ऑइल दर दोन वर्षांनी बदला, असं मॅन्युअल सांगे. गॅरेजात ते गळेल तेव्हाच नवं येई.

पावसाळ्याचा हिशेब आणखी वेगळा. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पुढच्या चौकात ब्रेक लागतच नाही. हलकेच ब्रेक दाबत गाडी थोडी चालवली की लायनर सुकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या बुडाल्या. पाण्यात बुडून तशाच उभ्या राहिलेल्या गाडीत हँडब्रेक ओढलेला असेल तर ड्रम गंजून लायनर त्याला चिकटतो. मग चाक फिरत नाही, ड्रमही निघत नाही. हातोडीने कडेकडेने ठोकून तो सुटा करताना कधी लायनरची पट्टी शूवरून उखडून ड्रममध्येच राहते.

सुट्या भागांसाठी मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउसकडची दुकानं, पुण्यात नाना पेठ. लायनर देशातच बनत. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता, मद्रासकडे राणे आणि सुंदरम. फेरोडो हे नाव इंग्लंडच्या हर्बर्ट फ्रूडने १८९७ मध्ये सुरू केलेल्या उद्योगाचं. डर्बीशायरच्या उतारावर शेतकरी घोडागाडीच्या ब्रेकला जुने बूट ठोकतात हे पाहून त्याला घर्षणाच्या साहित्याची कल्पना सुचली, असं सांगितलं जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या धंद्यात अ‍ॅस्बेस्टॉस आलं. उष्णतेला दाद न देणारं, स्वस्त, ताकदवान. आणि फुफ्फुसात गेलं की दशकांनंतर जीव घेणारं.

या सगळ्या मागोव्यात सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. ड्रम उघडला की आत काळी-राखाडी भुकटी साचलेली असते. ती साफ करायची सर्वमान्य पद्धत म्हणजे ड्रम जमिनीवर आपटणं, उरलेली कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणं, कॉम्प्रेसर नसेल तर फुंकर. तोंडाला रुमालही नाही. १९९५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याबद्दल निकाल दिला. कामगाराची आरोग्यनोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यांतली जी मुदत नंतर संपेल तिथपर्यंत जपा, असा आदेश होता. निकाल महत्त्वाचा होता. पण ज्याचं नाव कुठल्याच मस्टरवर नव्हतं, अशा गल्लीतल्या गॅरेजच्या पोऱ्यापर्यंत तो कसा पोचणार? आता लायनर बहुतांशी बिनअ‍ॅस्बेस्टॉसचे येतात. जुन्या गाडीत आधी काय बसवलं होतं ते मात्र बघून कळत नाही, तेव्हा ड्रम उघडताना ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने भुकटी बसवून टाकावी, हवा मारूच नये.

मारुतीच्या गाड्या आल्या आणि पुढच्या चाकांना डिस्क हे हळूहळू नेहमीचं होत गेलं. मागे ड्रम राहिले, पण ते स्वतःच फट भरून घेणारे. अ‍ॅडजस्टमेंटसाठी गाडी गॅरेजात नेण्याची सवय तिथूनच सुटली. लायनर ठोकणारा गेला, कारण लायनर बसवलेला तयार शू डब्यात मिळू लागला. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा आधी २५ आणि मग २० वर्षांवर आली. एकेकाळी साठ हजारांच्या घरात असलेल्या पद्मिनी टॅक्सी झपाट्याने कमी झाल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षं भरताच, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही.

खासगी पद्मिनी अजून आहेत आणि त्यांचे मालक हौशी आहेत. २०२१ च्या जुलैत केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आणली. १९७५ च्या आधीच्या फियाट आता त्या वयात पोचल्या आहेत. नियमात चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं असावं यावर भर आहे. ब्रेकचा त्यात उल्लेख नाही. त्यामुळे पुढे डिस्क बसवावेत की मूळ ड्रमच नीट करावेत, यावर मालकांमध्ये वाद रंगतात. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला फेरी मारायची असेल तर नीट बांधलेले ड्रम पुरेसे आहेत. महाबळेश्वरला कुटुंब घेऊन जायचं असेल तर डिस्कवाल्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं.

ड्रम मात्र संपलेले नाहीत, उलट त्यांची मागणी अनपेक्षित ठिकाणाहून आली आहे. फोक्सवॅगनने २०२० मध्ये आणलेल्या आयडी.३ या विजेवरच्या गाडीच्या मागच्या चाकांना मुद्दाम ड्रम आहेत. वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटरच करते, मागचे ब्रेक क्वचित लागतात, आणि न वापरलेली डिस्क गंजते, तर बंद ड्रम कोरडा राहतो. युरोपच्या 'युरो ७' नियमांत ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवरही मर्यादा आली आहे. तिथेही भुकटी आतच ठेवणारा ड्रम उपयोगी पडतो. या नव्या ड्रमांना अ‍ॅडजस्टमेंटचा बोल्ट नाही. पद्मिनीचा मालक मात्र अजूनही असा मिस्त्री शोधत असतो, ज्याला तो बोल्ट कुठल्या बाजूला फिरवायचा ते विचारावं लागत नाही.