एका थेंबाचा धडा

प्रयोगशाळेच्या भिंतीवर नियमांचा एक फलक लावलेला असतो. डोळ्यांवर चष्मा लावावा, हातमोजे घालावेत, कोणताही पदार्थ चाखून पाहू नये, असे काही नियम त्यावर लिहिलेले असतात. वाचणाऱ्यास ते रुक्ष वाटतात. परंतु अशा पुष्कळ नियमांमागे कोणाचा तरी अनुभव उभा असतो आणि कधी कधी त्या अनुभवाची किंमत फार मोठी असते. हातमोज्यांविषयीच्या एका नियमाची हकीकत अशीच आहे.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात हॅनोवर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील डार्टमथ कॉलेजात कॅरन वेटरहान या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. क्रोमियमसारखे धातू शरीरात शिरून अपाय कसा करतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. मुलींनी विज्ञानाकडे वळावे म्हणून 1990 मध्ये त्यांच्या कॉलेजात एक उपक्रम सुरू झाला, त्यातही त्यांचा पुढाकार होता. विषारी पदार्थ त्यांच्या नित्य परिचयाचे होते आणि म्हणूनच त्या अतिशय सावधपणे काम करीत.

14 ऑगस्ट 1996 रोजी त्या डायमिथिल मर्क्युरी नावाचे पाऱ्याचे एक संयुग हाताळीत होत्या. एका यंत्राची मापे बरोबर येतात की नाहीत, हे ताडून पाहण्यासाठी त्यांना ते हवे होते. हे संयुग पाण्यासारखे रंगहीन, पण पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असते. त्याची वाफ लवकर होते आणि ते अत्यंत विषारी असते. त्या दिवशी कॅरनबाईंनी संरक्षक चष्मा लावला होता, हातांत रबराचे पातळ हातमोजे घातले होते आणि विषारी वाफा बाहेर खेचून नेणाऱ्या कपाटात त्या काम करीत होत्या. नळीतून द्रव काढताना त्याचे एकदोन थेंब डाव्या हातमोज्यावर पडले. मोजा कोठेही फाटलेला नव्हता. काम संपवून त्यांनी सर्व स्वच्छ केले व मोजे उतरविले.

पहिले काही महिने काहीच घडले नाही. मग जानेवारी 1997 मध्ये त्यांना चालताना तोल सावरेना, बोलणे अडखळू लागले, दिसणे व ऐकणे मंदावले. तपासणीत रक्तात पारा फार मोठ्या प्रमाणात आढळला. तो केव्हा व कसा शरीरात गेला, याचा शोध घेताना त्यांचे केसच साक्षीला आले. केस दरमहा सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि त्या त्या काळी रक्तात असलेल्या पाऱ्याचा अंश त्याच्यात साठून राहतो. केसांच्या तपासणीवरून पारा एकदाच, ऑगस्टच्या सुमारास, शरीरात गेल्याचे दिसले. प्रयोगवहीतील दिनांकाशी ते जुळले.

मग प्रश्न उरला हातमोज्याचा. तसल्याच मोज्यांची परीक्षा घेण्यात आली, तेव्हा हा द्रव पंधरा सेकंदांच्या आतच रबरातून पार जातो असे दिसून आले! चिवड्याच्या पुडीचा कागद फाटलेला नसतो, तरीही आतील तेल बाहेरच्या बाजूस उमटते. येथेही काहीसे तसेच घडले होते. रबर पाण्याला अडविते, म्हणून ते प्रत्येक द्रवाला अडवील असे नाही. काही द्रव रबरातच मुरतात आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. कॅरनबाईंनी नियम मोडला नव्हता. नियमच अपुरा होता.

त्या शुद्धीवर नव्हत्या, तेव्हाच, मे 1997 मध्ये, त्यांच्या सहकाऱ्यांनी घडलेली सर्व हकीकत रसायनशास्त्रज्ञांच्या एका साप्ताहिकात प्रसिद्ध करून जगातील संशोधकांना सावध केले. 8 जून 1997 रोजी कॅरनबाईंचे निधन झाले. त्यांचे वय अवघे 48 वर्षांचे होते.

पुढे अमेरिकेतील कामगार-सुरक्षा खात्याने नव्या सूचना दिल्या. हा पदार्थ शक्यतो वापरूच नये, त्याऐवजी कमी घातक पदार्थ निवडावा. वापरणे भागच पडले, तर अनेक पापुद्र्यांचे खास मोजे आत व जाड, लांब मोजे वरून घालावेत. कोणताही मोजा एखाद्या रसायनासमोर किती वेळ टिकतो, हे आधी पाहून घ्यावे. पूर्वीचा नियम ‘मोजे घालावेत’ एवढेच सांगे. आता ‘कोणत्या रसायनासाठी कोणते मोजे?’ हा प्रश्न प्रथम विचारला जाऊ लागला.

सुरक्षिततेचे नियम हेही एक शास्त्रच होय. ते नुसते पाळून भागत नाही. ते का केले, हे समजून घ्यावे लागते आणि उणे आढळताच सुधारावे लागतात. अपघात लपविला असता, तर पुढचा संशोधकही त्याच मोज्यावर विसंबून राहिला असता. तो उघडपणे सांगितला गेला, म्हणून फलकावरील एक ओळ अधिक शहाणी झाली.