मदतीचे करार दिल्लीत, कसोटी बंगळुरात

नवी दिल्लीत ऑक्टोबर २०१५ मध्ये झालेल्या तिसऱ्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेत भारताने सढळ हाताने आश्वासने दिली. पाच वर्षांत दहा अब्ज डॉलरचे सवलतीचे कर्ज, साठ कोटी डॉलरचे अनुदान आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठी पन्नास हजार शिष्यवृत्त्या, असे त्यांचे स्वरूप होते. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, ३१ जानेवारी २०१६ च्या रात्री, बंगळूरच्या हेसरघट्टा रस्त्यावर एका सुदानी विद्यार्थ्याच्या मोटारीखाली स्थानिक महिलेचा मृत्यू झाला. काही वेळाने तेथून जाणाऱ्या टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला जमावाने गाठले. अपघाताशी तिचा सुतराम संबंध नव्हता. तिला मारहाण झाली, तिचे कपडे फाडले गेले आणि मोटार पेटवून देण्यात आली.

तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी तीव्र दुःख व्यक्त केले. टांझानियाचे उच्चायुक्त जॉन किजाझी यांनी बंगळूर गाठले. कर्नाटकचे गृहमंत्री जी. परमेश्वर यांनी मात्र हा हल्ला वंशद्वेषाचा नसून अपघाताची प्रतिक्रिया असल्याचे सांगितले. परंतु गुन्हा एकाचा आणि शिक्षा त्याच वर्णाच्या दुसऱ्याला, हे या प्रतिक्रियेत कसे बसते, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

विकसनशील देशांच्या परस्पर सहकार्याचा पाया समतेचा आहे. वसाहतवादाचे चटके सोसलेल्या देशांनी एकमेकांना हात द्यावा, दाता आणि याचक असे नाते असू नये, ही बांडुंग परिषदेपासूनची, म्हणजे १९५५ पासूनची भूमिका. भारताने १९६४ मध्ये ‘आयटेक’ हा तांत्रिक सहकार्य कार्यक्रम सुरू केला तो याच विचारातून. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी २००४ मध्ये जोहान्सबर्ग येथे मांडलेल्या कल्पनेतून अखिल आफ्रिका ई-नेटवर्क उभे राहिले. २००९ मध्ये उद्घाटन झालेल्या या जाळ्याने आफ्रिकेतील रुग्णालये आणि विद्यापीठे भारतीय संस्थांशी जोडली. बंगळूरचे नारायण हृदयालय त्यांपैकी एक. म्हणजे पडद्यावरून आफ्रिकी रुग्णाला सल्ला देणारे शहर आणि रस्त्यावर आफ्रिकी विद्यार्थिनीला घेरणारे शहर एकच होते.

या विसंगतीचे मूळ केवळ पूर्वग्रहात नाही; प्रशासनाच्या रचनेतही आहे. शिष्यवृत्ती परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतील भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद देते. परदेशी नागरिकांची नोंदणी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेकडे असते. पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था हा मात्र राज्यांचा विषय. त्यामुळे करार करणारी दिल्ली आणि त्याची किंमत चुकवणारे पोलीस ठाणे यांच्यात थेट दुवा उरत नाही. शिवाय बहुसंख्य आफ्रिकी विद्यार्थी शिष्यवृत्तीवर नव्हे, तर स्वखर्चाने खासगी महाविद्यालयांत येतात. महाविद्यालय शुल्क घेते. राहण्याची जबाबदारी बहुधा घेत नाही. शहराच्या कडेला भाड्याची खोली, दुप्पट अनामत, शेजाऱ्यांचा संशय आणि भाषेची अडचण हे सारे त्या मुलानेच निस्तरायचे. परप्रांतात घर शोधलेल्या मराठी माणसाला यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. फक्त त्याला कातडीचा रंग आड येत नाही.

परकीय मदतीचा सामाजिक परिणाम मोजताना नजर नेहमी घेणाऱ्या देशाकडे असते: किती रुग्ण बरे झाले, किती पदवीधर झाले. देणाऱ्या समाजावर काय परिणाम झाला, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडातील हल्ल्यांनंतर दिल्लीतील आफ्रिकी राजदूतांनी एकत्रितपणे निषेध नोंदवला, तेव्हा हा हिशेब जाहीरपणे मागितला गेला.

त्यानंतर बरेच पाणी वाहून गेले. २०२३ मध्ये भारताच्या अध्यक्षतेखाली आफ्रिकी संघाला ‘जी-२०’चे स्थायी सदस्यत्व मिळाले आणि त्याच वर्षी मद्रास आयआयटीची शाखा टांझानियातील झांझिबारमध्ये सुरू झाली. परदेशातील ही पहिलीच आयआयटी. आता तेथे भारतीय प्राध्यापक परके आहेत. घर, शेजार आणि सुरक्षितता यांची अपेक्षा ते यजमानांकडून करणारच. तीच अपेक्षा पूर्ण करण्यासाठी विद्यार्थी येणाऱ्या प्रत्येक शहरात महाविद्यालय, पोलीस आणि परराष्ट्र मंत्रालय यांची कायमस्वरूपी समन्वय यंत्रणा हवी. शिष्यवृत्तीच्या तुलनेत तिचा खर्च नगण्य आहे. ती नसेल, तर कोट्यवधींच्या मदतीने मिळवलेली सद्भावना एका रात्रीत, एका रस्त्यावर गमवावी लागते.