डोळ्यांना दिसणारा कर्करोग

दिल्लीत कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग म्हणजे जुन्या कागदपत्रांतला कर्झन रोड. या मार्गावर २०१३ मध्ये नवे महाराष्ट्र सदन सुरू झाले. नोकरीच्या उत्तरार्धात माझे तेथे वारंवार जाणे होई. बैठका लांबत, आणि बाहेर गाड्यांपाशी ताटकळणाऱ्या चालकांचा वेळ कसा जातो, याचा विचार मी कधी केला नव्हता. एके दिवशी बैठक लवकर आटोपली. बाहेर आलो तेव्हा आमच्या गाडीचे चालक तळहातावर दोन पुड्या रिकाम्या करीत होते. एक पानमसाल्याची, दुसरी तंबाखूची. मूळचे सातारा जिल्ह्यातले हे गृहस्थ कार्यालयात सर्वांचेच ‘मामा’ होते. मला पाहताच त्यांनी मूठ मिटली. मीही न पाहिल्यासारखे केले.

त्या दोन पुड्यांमागची कायद्याची कथा मला ठाऊक होती. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. पुढे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला, आणि कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटीन मिसळता येणार नाही, असे त्याखालील २०११ च्या विनियमांनी स्पष्ट केले. त्या आधारे जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने पुन्हा बंदी घातली आणि पानमसाल्यालाही तीत ओढले. अनेक राज्यांनी गुटखा रोखला. बंदी मिश्रणावर होती. तेव्हा ठिकठिकाणी घटक पदार्थ निरनिराळ्या पुड्यांतून विकले जाऊ लागले आणि मिश्रण ग्राहकाच्या तळहातावर होऊ लागले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग याने विजापूरहून तंबाखू नेऊन अकबरासमोर ठेवला, म्हणजे मोगल दरबाराला या पदार्थाची ओळख दख्खनमार्गेच झाली. १६१७ मध्ये जहांगीराने धूम्रपानास मनाई केली. तिचे पुढे काय झाले ते आपण पाहतोच. फर्माने निघतात, सवय आपली वाट शोधते. म्हणून बंदी निरर्थक ठरत नाही. परंतु बंदी घातली की काम संपले, असे मानणारे प्रशासन अर्धेच काम करीत असते.

मामांच्या बाबतीत उरलेले अर्धे काम कोणीच केले नाही. प्रथम त्यांना तिखट सोसेना. डब्यातली भाकरी जाऊन वरणभात आला. मग जांभई देताना तोंड पुरते उघडेनासे झाले. सुपारीच्या सततच्या सेवनाने गालाच्या आतील अस्तर ताठर होत जाते. अशा रुग्णाला स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये घालता येत नाहीत. ही कर्करोगपूर्व अवस्था आहे. सुपारी हा तंबाखूविनाही कर्करोगकारक पदार्थ असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले आहे. मामांच्या गालात पांढरट चट्टा होता; त्याच्या कडेला पुढे व्रण झाला. दाढ दुखते म्हणून त्यांनी ती काढून घेतली, आणि ती जखम भरलीच नाही. कान ठणकू लागला तेव्हा कानात औषध घातले गेले. अखेरीस जबड्याखाली गाठ आली. हे सारे सुमारे आठ महिने चालले होते. या आठ महिन्यांत रोज सकाळी मी त्यांच्या गाडीत बसत होतो.

तोंडातला व्रण दोन-तीन आठवड्यांत भरून आला नाही, पांढरा वा लाल चट्टा दिसला, कारणाविना दात हलू लागला, गिळताना दुखू लागले किंवा मानेत गाठ लागली, तर तपासणी लांबणीवर टाकू नये, एवढे ज्ञान त्या आठ महिन्यांत पुरेसे होते. निदान दुर्मीळ यंत्रांवर अवलंबून नसते. संशयित जागेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. त्यालाच बायॉप्सी म्हणतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत निराधार आहे, पण तिच्यापायी महिने वाया जातात. रोगाचा विस्तार जाणण्यासाठी पुढे सीटी स्कॅन वा एमआरआय करतात. त्यावरून गाठीचा आकार, हाडापर्यंतचा शिरकाव आणि मानेतील लसिकाग्रंथींची स्थिती कळते.

या रोगावर पहिला उपाय बहुधा शस्त्रक्रियेचाच असतो. गाठ तिच्याभोवतीच्या निरोगी ऊतींच्या पट्ट्यासह काढतात. गरज पडल्यास जबड्याचा भागही काढावा लागतो. मानेतील ग्रंथींचे काय करावे, हा प्रश्न जगभर दीर्घकाळ वादाचा होता. त्याचे ठोस उत्तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने दिले. डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मानेत गाठ लागत नसलेल्या आरंभीच्या अवस्थेतील रुग्णांपैकी काहींच्या मानेची शस्त्रक्रिया सुरुवातीलाच केली, इतरांची गाठ उद्भवल्यावर. तीन वर्षांनंतर पहिल्या गटात ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यात ६७.५ टक्के. याच रुग्णालयातील डॉ. व. रा. खानोलकर यांनी सहकाऱ्यांसह तंबाखू चघळणे आणि तोंड-घशाचा कर्करोग यांचा संबंध १९५५ मध्येच मांडला होता. ज्ञानाच्या बाबतीत आपण मागे नव्हतो आणि नाही.

मामांची शस्त्रक्रिया मुंबईत झाली. गाल आणि खालच्या जबड्याचा भाग काढला. पायाच्या नडगीशेजारचे हाड, त्यावरील त्वचेसह, आणून नवा जबडा घडवला. काही दिवस श्वासासाठी गळ्यात नळी, अन्नासाठी नाकातून पोटात गेलेली नळी. नंतर सहा आठवडे किरणोपचार. शस्त्रक्रियेनंतर मागे राहिलेल्या पेशींचा धोका अधिक वाटला तर किरणांसोबत केमोथेरपीही देतात. त्यांना ती द्यावी लागली. तोंडाची साल निघाली, लाळ आटली, चव गेली. खरी परीक्षा त्यानंतरची. दिवसातून अनेकदा तोंड उघडण्याचा व्यायाम, खांदा आखडू नये म्हणून हाताचा व्यायाम, वाचा-उपचारतज्ज्ञाकडे गिळण्याचे आणि बोलण्याचे नव्याने शिक्षण. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिले : ‘साहेब, गाडी कोण चालवतं?’ मला उत्तर देववले नाही. शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी योजनेतून भागतो. परंतु घरातल्या कमावत्या माणसाचे वर्षभर बसून राहणे, पातळ आहाराची तजवीज, तपासण्यांसाठीच्या खेपा आणि पुन्हा चारचौघांत बोलण्याचे धैर्य यांची तरतूद कोणत्याही लेखाशीर्षात नसते.

हा रोग सत्ता ओळखत नाही, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. शरद पवार यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तंबाखूविषयीचा पश्चात्ताप त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवला. आर. आर. पाटील मात्र फेब्रुवारी २०१५ मध्ये, अवघ्या ५७ व्या वर्षी, याच रोगाने गेले. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के होते. म्हणजे जवळजवळ दर चारांतील एक. गुटखाबंदीनंतर चार वर्षांनी केलेली ही मोजणी आहे.

मग उरलेले अर्धे काम कोणते? तोंड हा शरीराचा असा भाग आहे की तेथील कर्करोग बहुधा विजेरीच्या उजेडात, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी तोंडे तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष असे की, तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांत या रोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. २०१६ मध्ये केंद्राने ३० वर्षांवरील सर्वांची दर पाच वर्षांनी मौखिक तपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयोगटातील ज्यांचे तोंड कधीतरी तपासले गेले, अशा स्त्रिया ०.९ टक्के आणि पुरुष १.२ टक्के आढळले.

हे आकडे वाचताना मला माझ्या बैठका आठवतात. जप्त मालाचे मूल्य किती, गुन्हे किती दाखल झाले, हे आम्ही तालुकावार विचारीत असू. तोंडे किती तपासली, संशयितांपैकी कितींची बायॉप्सी झाली, कितींचे उपचार पूर्ण झाले, हे रकाने आमच्या तक्त्यात नव्हते. ते असावेत असे मीही कधी सुचवले नाही. आज सुचवतो. जिल्हाधिकाऱ्याच्या मासिक आढाव्यात हे तीन रकाने असावेत. चालक, हमाल, ऊसतोड कामगार, साफसफाई कर्मचारी यांची तपासणी त्यांच्या कामाच्या जागी व्हावी. आणि सुरुवात शासकीय वाहनतळांपासून करावी. ते आमच्या दालनांपासून फार लांब नसतात.

मामा आता गावी असतात. उच्चार अस्पष्ट आहेत, पण सवयीने मला ते कळतात. मध्यंतरी त्यांचा दूरध्वनी आला : “साहेब, पुतण्याच्या गालात पांढरं दिसलं, तर त्याला घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात आलोय. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात.” शासनाच्या कोणत्याही यंत्रणेने त्यांना हे काम नेमून दिलेले नव्हते. त्यांनी पुतण्याला तोंड उघडायला सांगितले होते, एवढेच.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)