फितीवरचा आवाज संगणकात नेताना

अनेक शाळांच्या कपाटांत आजही काही जुन्या कॅसेट पडून असतात. एखादीवर गावातल्या आजीबाईंनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या असतात, एखादीवर निवृत्त होणाऱ्या गुरुजींचे भाषण, एखादीवर स्नेहसंमेलनातला पोवाडा. बोलणारी माणसे बहुधा आता नाहीत. त्यांच्या आवाजाची दुसरी प्रतही कोठे नाही. टेपरेकॉर्डर बिघडलेला असतो, म्हणून कॅसेट लावली जात नाही. आणि लावली जात नाही, म्हणून ती कोणत्या अवस्थेत आहे हेही कळत नाही.

ही अडचण केवळ आपल्या शाळांची नाही. २०१९ मध्ये युनेस्कोने जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांना चुंबकीय फितींबाबत सावध केले. फिती झिजत आहेत, पण त्याहून वेगाने त्या वाजवणारी चांगली यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग नाहीसे होत आहेत; तेव्हा २०२५ च्या सुमारास बहुतेक ठिकाणी फिती वाजवण्याची सोय उरणार नाही, असा तो इशारा होता. ते वर्ष आता येऊन ठेपले आणि गेलेही. म्हणजे काम हाती घेण्याची घाई आहे. पण घाईत केलेले काम पुन्हा करावे लागते, आणि जुनी फीत दुसऱ्यांदा वाजेलच याची खात्री नसते. म्हणून या कामामागचे विज्ञान आधी समजून घेऊ.

फितीवर नेमके काय असते?

कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणली. तिच्यातली फीत म्हणजे प्लॅस्टिकची ३.८१ मिलिमीटर रुंदीची पातळ पट्टी. तिच्या एका बाजूला लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्या भाऊबंदाचा, अतिसूक्ष्म कणांचा लेप असतो. प्रत्येक कण हा एक छोटा चुंबकच. ध्वनिमुद्रण करताना मायक्रोफोनमधून आलेला विद्युतप्रवाह टेपरेकॉर्डरच्या ‘हेड’मधल्या तारेच्या वेटोळ्यातून जातो. हेडला एक अतिशय अरुंद फट असते. फीत त्या फटीवरून सरकताना आवाजाच्या चढउताराप्रमाणे कण कमीजास्त चुंबकित होतात आणि तसेच राहतात.

वाजवताना याच्या उलट घडते. चुंबकित फीत फटीवरून सरकली की वेटोळ्यातले चुंबकीय क्षेत्र बदलते आणि त्यात विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेने १८३१ मध्ये शोधलेले, दहावीच्या पुस्तकातले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. विद्युतदाब निर्माण होतो तो क्षेत्र बदलते म्हणून. फीत थांबवली की तीच फीत, तेच हेड, पण आवाज शून्य.

कॅसेटमध्ये फितीचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर असतो. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटे, म्हणजे १,८०० सेकंद चालते. गुणाकार केला तर फितीची लांबी ८,५६८ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ८६ मीटर भरते. आता १०,००० हर्ट्‌झ वारंवारतेचा सूर घ्या. एका सेकंदात ४.७६ सेंटिमीटर फितीवर त्याच्या दहा हजार लहरी बसवायच्या आहेत. तेव्हा फितीवरील एका लहरीची लांबी ४.७६ मायक्रोमीटर झाली. आपला केस याच्या दहापट तरी जाड असतो. पुढच्या सगळ्या काळज्या या एका आकड्यातून निघतात.

हेड किंचित कलले तर

हेडची फट फितीच्या लांबीशी बरोबर काटकोनात हवी. साध्या एककर्णी टेपरेकॉर्डरमध्ये ही फट फितीवरच्या सुमारे दीड मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यावरून वाचते. समजा, हेड अंशाच्या फक्त सहाव्या भागाइतके कलले. १,५०० मायक्रोमीटर रुंदीत एवढ्या कोनामुळे फटीचे एक टोक दुसऱ्या टोकापेक्षा सुमारे ४.४ मायक्रोमीटर पुढे जाते. ही जवळजवळ एक पूर्ण लहर झाली! फटीचा काही भाग लहरीच्या शिखरावर, तर काही भाग दरीवर. दोन्हींची बेरीज जवळपास शून्य. म्हणजे १०,००० हर्ट्‌झचा सूर फितीवर असूनही ऐकू येणार नाही. त्याखालच्या वारंवारताही मंदावतील. ‘स’, ‘श’, ‘च’ या वर्णांची धार उंच वारंवारतांमध्ये असते. ती गेली की बोलणे घोंगडीआडून आल्यासारखे वाटते आणि आपण म्हणतो, ‘कॅसेट खराब झाली.’ प्रत्यक्षात कॅसेट चांगली असते; ती ज्या यंत्रावर भरली त्याचे हेड आणि आपल्या यंत्राचे हेड यांचे कल जुळत नाहीत, इतकेच.

मूळ टेपरेकॉर्डर चालू स्थितीत असेल तर तोच वापरावा. नसेल तर हेडच्या बाजूला स्प्रिंग असलेला एक लहान स्क्रू असतो, तो कॅसेट वाजत असताना अगदी थोडा फिरवावा. आवाज जेथे सर्वांत धारदार येईल तेथे थांबावे. मूळ जागेची खूण मात्र आधी करून ठेवावी. ही दुरुस्ती संगणकात नेण्यापूर्वीच करायला हवी. हेडने जे वाचलेच नाही, ते संगणक नंतर कोठून आणणार?

वेग चुकला तर

ध्वनिमुद्रण करताना सेल उतरलेले असतील किंवा मोटरचा पट्टा सैल झाला असेल तर फीत हळू सरकते. पुढे ती योग्य वेगाने वाजवली की आवाज भरभर आणि चढ्या पट्टीत येतो. ४.७६ ऐवजी ४.५ सेंटिमीटर वेगाने भरलेली फीत १.०६ पट जलद वाजते. हा फरक जवळजवळ एका अर्धस्वराचा आहे. पांढरी एकमध्ये गायलेले गाणे काळी एकमध्ये ऐकू येईल. ध्वनिमुद्रणात पेटी वाजत असेल आणि तीच पेटी शाळेत असेल तर ताळा घेणे सोपे. मूळ ध्वनिमुद्रण घरच्या विजेवर केलेले असेल तर आणखी एक खूण सापडते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असते आणि तिची बारीक गुणगुण फितीवर अनेकदा उतरते. संगणकावर ती ५३ हर्ट्‌झला दिसली तर फीत ५० भागिले ५३, म्हणजे ०.९४ पट वेगाने भरली होती हे उघड झाले. अर्थात, आपण फीत वाजवताना नवी गुणगुण मिसळू नये, म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवावा.

लहरींचे आकडे

फितीवरचा आवाज अखंड असतो. संगणकाला फक्त आकडे समजतात. म्हणून विद्युतदाब ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा मोजावा लागतो. रुग्णाचा ताप दर तासाला मोजून आलेख काढावा, तसेच हे आहे. पण किती वेळा मोजायचे? ज्या सर्वांत उंच सुराची नोंद हवी, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा. हा नियम नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या नावांनी ओळखला जातो. माणसाचा कान सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो, म्हणून १९८२ मध्ये आलेल्या ध्वनितबकडीसाठी, म्हणजे सीडीसाठी, सेकंदाला ४४,१०० मोजमापे ठरली.

मोजमापे कमी पडली तर उंच सूर नुसता गळत नाही, तो खोटे रूप घेऊन येतो. सेकंदाला ८,००० मोजमापे घेतली आणि ५,००० हर्ट्‌झचा सूर आत आला, तर नोंदीत तो ३,००० हर्ट्‌झचा दिसतो. चित्रपटात टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते, त्यामागचे कारण हेच. म्हणून मोजण्यापूर्वी असे उंच सूर गाळून टाकण्याची सोय यंत्रात केलेली असते.

दुसरा प्रश्न प्रत्येक मोजमाप किती बारीक असावे हा. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या मिळतात. प्रत्येक बिटाने सुमारे ६ डेसिबल वाढतात, म्हणून १६ बिटांचा आवाका सुमारे ९६ डेसिबल होतो. साध्या कॅसेटचा आवाका ५० डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे जागा भरपूर आहे. तरीही जतनाच्या कामासाठी ध्वनिसंग्रहालये सेकंदाला किमान ४८,००० मोजमापे आणि २४ बिट यांचा आग्रह धरतात, कारण पुढच्या दुरुस्त्यांसाठी ही सवड उपयोगी पडते. एका तासाचा हिशेब असा: ४८,००० गुणिले ३ बाइट गुणिले ३,६०० सेकंद, म्हणजे सुमारे ५२ कोटी बाइट, अर्थात ५२० मेगाबाइट. अशा एककर्णी २० कॅसेट १६ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर सहज मावतात. तेव्हा जागेची काटकसर करण्याचे कारण नाही.

वायर आणि पातळी

टेपरेकॉर्डरच्या ‘लाइन आउट’मधून, ती नसेल तर हेडफोनच्या छिद्रातून, वायरने आवाज संगणकात न्यावा. टेपरेकॉर्डरसमोर मोबाइल ठेवून केलेल्या ध्वनिमुद्रणात खोलीचा घुमारा, पंखा आणि रस्ताही येतो. शिवाय मोबाइल आपल्या मर्जीने आवाज लहानमोठा करतो.

संगणकाचे मायक्रोफोनचे छिद्र काही मिलिव्होल्टसाठी बनवलेले असते. हेडफोनमधून त्याच्या शंभरपट दाब येऊ शकतो. तो आत शिरतानाच लहरीचे माथे कापले जातात आणि पडद्यावरची पातळी मागून कमी केली तरी ते परत येत नाहीत. त्यातून आजच्या बऱ्याच लॅपटॉपना हेडफोन आणि मायक्रोफोन मिळून एकच छिद्र असते, त्यात साधी वायर चालत नाही. यावर उपाय म्हणजे यूएसबीला जोडायची ‘लाइन इन’ असलेली छोटी ध्वनिपेटी. ‘ऑडॅसिटी’ ही विनामूल्य संगणकप्रणाली पुढच्या कामाला पुरेशी आहे.

पातळी अशी ठेवावी की सर्वांत मोठा आवाज कमाल मर्यादेच्या निम्म्यावर येईल. त्यात एकच बिट, म्हणजे ६ डेसिबल, खर्ची पडतात. याउलट मर्यादा ओलांडली तर लहर सपाट कापली जाते. फितीवर मोठा आवाज हळूहळू फाटत जातो. आकड्यांत मात्र मर्यादेपलीकडे काहीच नसते.

कामाचा क्रम

प्रथम कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे खिळे मोडावेत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. खिडकीतून फीत पाहावी. पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नये. बुरशी हेडला, दुसऱ्या कॅसेटना आणि आपल्या श्वासालाही त्रास देते. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्यावी. चांगली कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळावी, त्यामुळे चिकटलेले थर सुटतात. हेड आणि रबरी चाक साफ करावे. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस पुरतो. मग एक बाजू संपूर्ण, न थांबता संगणकात घ्यावी. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे लागणारच.

मिळालेली फाइल ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. वेग सुधारणे, खरखर काढणे, एमपी३ करणे हे सारे तिच्या प्रतीवर. एमपी३मध्ये कानाला जाणवणार नाही असा भाग टाकून दिलेला असतो, आणि टाकलेले परत मिळत नाही. खरखर काढण्याच्या सोयीबद्दल विशेष सावध राहावे. जो आवाज एकसारखा चालू असतो तो कचरा, असे ती यंत्रणा मानते. जात्यावरच्या ओवीत एकसारखा चालू असतो तो जात्याचा आवाज! तो गेला तर ओवीचा ताल गेला आणि ती बाई दळताना गात होती ही गोष्टही गेली.

महाराष्ट्रात या कामाचे मोठे उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांतल्या अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले आणि साऱ्या ओव्यांची संगणकीय सूची तयार झाली. २०१७ पासून त्या ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहावर टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आहेत. या संग्रहाची किंमत केवळ आवाजात नाही. कोणती ओवी कोणत्या गावच्या कोणत्या बाईने म्हटली, याच्या नोंदीतही ती आहे.

आपणही प्रत्येक फाइलबरोबर एक चिठ्ठी लिहावी. गाणारी कोण, गाव कोणते, वर्ष कोणते, कोणी भरले, कॅसेटची कोणती बाजू, कोणत्या यंत्रावर वाजवली, संगणकात कधी घेतली. माणूस किंवा घरचे हयात असतील तर त्यांची परवानगी घ्यावी आणि एक प्रत त्यांना द्यावी. फाइलच्या तीन प्रती कराव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावी असावी. पेनड्राइव्हही एक दिवस बंद पडतो. आकड्यांत आलेला आवाज आपोआप अमर होत नाही. सोनी कंपनीची अंकीय ‘डॅट’ फीत १९८७ मध्ये आली आणि २००५ मध्ये तिच्या यंत्रांचे उत्पादन थांबले, ते कॅसेटच्याही आधी! आकड्यांचा फायदा एवढाच, की प्रत काढताना ते झिजत नाहीत. प्रत काढत राहण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते. मूळ कॅसेटही फेकू नये.

नववी-दहावीच्या मुलांना या कामात जरूर घ्यावे. आलेख कागदावर एक लहर काढून तिचे आधी भरपूर, मग थोडे बिंदू घ्यायला सांगा. खोटी लहर त्यांना स्वतःच सापडेल. फितीवरच्या लहरीची लांबी त्यांनाच काढू द्या. मग प्रत्येकाने घरी जाऊन विचारावे, ‘आपल्याकडे जुनी कॅसेट आहे का, आणि तिच्यावर बोलतंय कोण?’ हे ओळखू शकणारी माणसे आज घरात आहेत. चिठ्ठी त्यांच्याकडूनच लिहून घ्यायची आहे.