जुन्या जीपगाड्या व ट्रॅक्टर यांच्या पुढील दिव्यांची सुधारणा

कल्याणहून नगरकडे जाणारा मार्ग मुरबाड सोडल्यावर सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी अशी गावे घेत माळशेज घाटाच्या पायथ्याशी पोहोचतो. वैशाखऱ्याजवळूनच नाणेघाटाची वाट वर चढते. सातवाहन काळी याच वाटेने कोकणातील माल जुन्नरकडे जात असे. पूर्वी २२२ क्रमांकाचा व आता ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्यावर रात्रंदिवस मालमोटारी धावतात. त्यांच्याच सोबतीने भाताची पोती, पेंढा व भाजीपाला वाहणारे ट्रॅक्टर आणि जुन्या जीपगाड्याही चालतात. शेतकऱ्यास पहाटेचा बाजार गाठावयाचा असल्याने ही वाहतूक बहुधा अंधारातच होते. अशा वेळी वाहनाचे पुढील दिवे मंद असतील, तर रस्त्याच्या कडेने चालणारा मजूर, बैलगाडी किंवा बसलेले गुरू चालकास वेळेवर दिसत नाही.

साधा हिशेब केल्यास याचे गांभीर्य ध्यानात येईल. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर अंतर कापते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यातच गाडी १६ ते १७ मीटर पुढे जाते. ओल्या रस्त्यावर जुन्या ब्रेकांनी ती थांबण्यास आणखी सुमारे १५ मीटर लागतात, असे धरल्यास एकूण अंतर ३२ मीटर होते. ज्या दिव्याचा उपयुक्त प्रकाश २०-२५ मीटरच्या पुढे पोहोचत नाही, त्या दिव्यावर या वेगाने गाडी हाकणे म्हणजे डोळे मिटून चालण्यासारखेच होय.

दिवे मंद का पडतात?

दिवा मंद झाला की अधिक वॅटचा बल्ब बसवावा, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. परंतु दोष पुष्कळदा बल्बात नसून बल्बापर्यंत पोहोचणाऱ्या विजेत असतो. जुन्या वाहनांत बॅटरीची वीज प्रथम दिव्याच्या बटनात, तेथून डिपरच्या बटनात व मग लांबच्या बारीक तारेने दिव्यात जाते. बटनांचे संपर्क झिजलेले, तारांची टोके हिरवी पडलेली आणि दिव्याच्या घराला गंज चढून अर्थ कमकुवत झालेला, अशी स्थिती कोकणपट्टीच्या पावसात सहज उद्भवते. या प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा दाब खर्च होतो.

बल्बाचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात कमी होत नाही, तर त्याहून पुष्कळच वेगाने उतरतो. १२ व्होल्टऐवजी १०.८ व्होल्ट, म्हणजे दहा टक्के कमी दाब मिळाला, तर प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. अशा तारजोडणीवर मोठा बल्ब लावल्यास प्रवाह वाढतो, तारेत दाब अधिकच खर्च होतो आणि तारा व बटने तापून जळण्याचा संभव निर्माण होतो.

परीक्षा सोपी आहे. इंजिन मध्यम गतीने चालू ठेवून व दिवे लावून प्रथम बॅटरीच्या दोन टोकांमधील दाब व्होल्टमीटरने मोजावा. नंतर बल्बाच्या होल्डरजवळचा दाब मोजावा. दोहोंत अर्ध्या व्होल्टहून अधिक अंतर आढळल्यास प्रथम तारजोडणी सुधारणे इष्ट होय.

रिलेचा उपयोग

यावर उत्तम उपाय म्हणजे रिले. रिले हे विजेच्या चुंबकाने चालणारे बटन होय. जुन्या बटनांतून व तारांतून केवळ रिलेचा चुंबक चालविण्यापुरता अल्प प्रवाह जातो. दिव्याचा मुख्य प्रवाह बॅटरीपासून नव्या जाड तारेने, रिलेमार्गे थेट बल्बाकडे जातो. लांबच्या झोतासाठी एक व डिपरसाठी एक असे दोन रिले बसवावेत. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून सुमारे १० अँपिअर घेतात. यास्तव मुख्य तार २.५ चौरस मिलिमीटर छेदाची असावी. प्रत्येक रिलेस १५ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज द्यावा, म्हणजे एक फ्यूज उडाला तरी दुसरा झोत शिल्लक राहतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असणे अगत्याचे आहे. त्याअलीकडे तार घासून उघडी पडल्यास फ्यूज तिचे रक्षण करू शकत नाही. दोन्ही दिव्यांची अर्थची तारही स्वतंत्रपणे चासीपर्यंत न्यावी व जोडाची जागा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून घ्यावी.

बल्ब व रिफ्लेक्टर यांची निवड

पुष्कळ जुन्या जीपगाड्यांचे दिवे ७ इंच व्यासाचे गोल आहेत. या मापाचा, हॅलोजन बल्ब बसणारा काच-रिफ्लेक्टरचा संच आजही मिळतो. साध्या बल्बात तारेपासून उडालेला टंगस्टन काचेवर साचून काच काळवंडते. हॅलोजन बल्बातील वायूमुळे तो पुन्हा तारेकडे परततो, त्यामुळे तार अधिक तापवून अधिक प्रकाश मिळविता येतो. १९७१ मध्ये प्रचारात आलेला एच-४ हा दोन तारांचा बल्ब लांबच्या झोतास ६० व डिपरला ५५ वॅट घेतो. जुन्या बल्बाची बैठक याहून निराळी असल्याने तो जुन्या रिफ्लेक्टरमध्ये ठोकून बसवू नये, संपूर्ण संचच बदलावा. बल्बाच्या काचेस बोट लावू नये, कारण बोटाचा तेलकट डाग तापून काच निकामी होते. रिफ्लेक्टरची चकाकी गेली असल्यास तो पॉलिश करण्याचा प्रयत्न व्यर्थ होय, कारण त्यावरील धातूचा थर अत्यंत पातळ असतो.

संच विकत घेताना तो डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहे, याची खात्री करावी. अशा काचेचा डिपरचा प्रकाश डाव्या कडेस किंचित वर उचललेला असतो, त्यामुळे कडेचा पादचारी दिसतो. परदेशी उजव्या वाहतुकीची काच बसविल्यास तोच उचललेला प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

१०० वॅटचे बल्ब लावण्याचा मोह टाळावा. त्यांनी होल्डर वितळतात व समोरचा चालक दिपून जातो. केवळ बल्ब काढून त्या जागी एलईडी बसविणेही श्रेयस्कर नव्हे. रिफ्लेक्टरची रचना बल्बातील तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेली असते. प्रकाशाचा उगम त्या जागेवरून हलला की झोत विखुरतो. तसेच काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या वाहनांत बॅटरीचे धन टोक चासीस जोडलेले असते. तेथे एलईडी उलट जोडला जाऊन चालणार नाही.

वाहन ६ व्होल्टचे असल्यास १२ व्होल्टचे बल्ब त्यात घालू नयेत. प्रथम संपूर्ण विद्युत्‌व्यवस्था बदलावी किंवा ६ व्होल्टचेच बल्ब ठेवून तारा जाड कराव्यात. डायनमो असलेल्या वाहनांत इंजिन संथ असताना दिव्यांचा सारा भार बॅटरीवर पडतो. यास्तव दिवे लावून गाडी चालविताना अँपिअर मीटरचा काटा वजा बाजूस राहतो काय, हे पाहावे. तसा तो राहत असेल तर डायनमो व कटआउट तपासून घ्यावेत.

झोत बसविणे

नवे दिवे वाकडे बसविले तर जुन्यांहून अधिक घातक ठरतात. वाहन सपाट जागेवर भिंतीसमोर ७.५ मीटर अंतरावर उभे करावे. टायरांत योग्य हवा व गाडीत नेहमीइतका भार असावा. मागील बाजूस ओझे पडले की वाहनाचे नाक उचलले जाते व झोत वर चढतो, हे ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत विशेष ध्यानात ठेवावे. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखावी. डिपर लावल्यावर प्रकाशाची वरची कड या रेषेच्या सुमारे ७.५ सेंटिमीटर खाली पडावी. एक दिवा झाकून दुसरा, असे दोन्ही बसवावेत.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ अन्वये दिव्याचा झोत खाली वळविलेला असावा. ८ मीटर अंतरावर १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसास तो दिपविणारा नसावा. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत, तसेच पुरेसा उजेड नसेल तेव्हा, दिवे लावणे बंधनकारक आहे.

धुके, पाऊस व ट्रॉली

पावसाळ्यात माळशेजच्या परिसरात ढग रस्त्यावर उतरतात. धुक्यातील सूक्ष्म जलबिंदू लांबचा झोत चालकाकडेच परतवितात व समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी डिपरच वापरावा व वेग दिसणाऱ्या अंतराइतकाच ठेवावा. धुक्याचा दिवा बसवावयाचा झाल्यास तो खाली, रुंद व आखूड झोताचा असावा. केवळ काच पिवळी असल्याने धुके भेदले जात नाही.

पुढचे दिवे कितीही चांगले असले तरी मागून येणाऱ्यास ट्रॉली दिसली पाहिजे. ट्रॉलीच्या मागे लाल दिवे व लाल परावर्तक असावेत आणि पेंढ्याच्या भाऱ्याखाली ते झाकले जाऊ नयेत. ट्रॅक्टरच्या मागील बाजूचा नांगरणीसाठीचा पांढरा दिवा रस्त्यावर येताच बंद करावा. तो मागील चालकास दिपवितो व समोरून येणारे वाहन असल्याचा भ्रमही उत्पन्न करतो.

ही सर्व कामे मृगापूर्वी, शेताची धांदल सुरू होण्याआधी उरकावीत. प्रथम अर्थ व जोड स्वच्छ करणे, मग रिले व फ्यूज, त्यानंतर काच-रिफ्लेक्टरचा संच व शेवटी भिंतीवर झोत बसविणे, हा क्रम ठेवल्यास अनावश्यक खर्च टळतो. पुष्कळ वेळा पहिल्या दोन पायऱ्यांतच जुना दिवा पुन्हा उजळल्याचा अनुभव येईल.