तळ्याकाठचा मुक्काम आणि निर्धास्त झोप

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या सौंसर-पांढुर्णा परिसरातील मंडळींना डोंगर, जंगल आणि पाणी यांची ओढ उपजतच असते. पचमढीचे तळे, चिखलदऱ्याचा शक्कर तलाव, पेंचच्या जंगलाला लागून असलेले जलाशय ही आपली नेहमीची सहलीची ठिकाणे. पूर्वी लोक सकाळी निघून सायंकाळी परतत असत. अलीकडे नेमून दिलेल्या जागी तंबू उभारून रात्र काढण्याची हौस वाढली आहे. नागपंचमीच्या सुमारास पचमढीजवळच्या नागद्वारीला जाणारे भाविक तर कित्येक वर्षांपासून ऐन पावसाळ्यात जंगलात मुक्काम करीत आले आहेत.

अशा सहलीला निघण्यापूर्वी अनेकजण माझ्याकडे औषधांची यादी मागतात. ताप, जुलाब, उलटी यांच्या गोळ्या मी लिहून देतोच, पण त्याआधी एक प्रश्न विचारतो, "झोपणार कशावर?" प्रश्न ऐकून मंडळी हसतात. त्यांच्या मनात वाघ आणि अस्वल असते. वास्तविक पाहता मुक्कामातील सर्वांत मोठा धोका बहुधा अंथरुणाशीच निगडित असतो.

मण्यार हा आपल्याकडील अत्यंत विषारी साप रात्री भक्ष्याच्या शोधात फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात तो शिरतो आणि माणसाने कूस बदलताच चावतो. त्याचे दात बारीक असल्यामुळे वेदना नगण्य असते, सूज येत नाही, कित्येकदा खूणही सापडत नाही. त्यामुळे झोपलेल्याला जागसुद्धा येत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, मग पापण्या जड होतात, गिळणे व बोलणे अवघड होते आणि शेवटी श्वास मंदावतो. रात्रीच्या जेवणामुळे पोट बिघडले असेल असे समजून याच काळात मोलाचे तास वाया जातात. म्हणूनच, जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी सुरू झाली आणि पापण्या मिटू लागल्या, तर चावल्याची खूण असो वा नसो, तो सर्पदंश समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, झाडफूक करणे यांत वेळ दवडू नये.

एका भारतीय अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे दगावली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे.

व्यवसायबंधूंसाठी थोडेसे. प्रतिसर्पविषाची मात्रा लहान मुलांसाठी कमी करायची नसते; विष तेवढेच शिरलेले असते. मण्यारीचे विष प्रामुख्याने मज्जातंतूच्या टोकावर आघात करीत असल्याने निओस्टिग्मिनचा उपयोग मर्यादित असतो आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास हाच खरा आधार ठरतो. बाहुल्या विस्फारलेल्या व स्थिर दिसल्या तरी मेंदू मृत झाला असे समजू नये. व्हेंटिलेटरवर योग्य काळजी घेतल्यास असा रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो.

आता उपाय. आग्नेय नेपाळमध्ये झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशापासून चांगले संरक्षण मिळते असे आढळले. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचणे एवढीच अट. तळाचे कापड शिवलेला व चेन पूर्ण लावलेला तंबू हेच काम करतो. यात्रेतील उघड्या मंडपात किंवा ताडपत्रीखाली झोपायचे असल्यास मच्छरदाणी हवीच. शक्य असेल तेथे बाज वापरावी. खरकटे जवळ ठेवू नये, कारण उंदीर आले की त्यांच्यामागे साप येतो. रात्री उठताना विजेरी व पायांत बूट असावेत, आणि बूट घालण्यापूर्वी झटकावेत.

येथे एक इशारा देणे अगत्याचे वाटते. जो बंद तंबू सापाला बाहेर ठेवतो, तोच निखारे आत नेल्यास जीवघेणा ठरतो. सुमारे १,०६७ मीटर उंचीवरील पचमढीत हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते आणि शेगडी तंबूत नेण्याचा मोह होतो. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनशी त्याचे आकर्षण प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असते. डोके जड होते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठत नाही. अशा रुग्णात साधा पल्स ऑक्सिमीटर फसवा, सामान्य आकडा दाखवू शकतो, हे डॉक्टरांनी ध्यानात ठेवावे. थंडीला उत्तर म्हणजे जास्तीचे पांघरूण आणि जमीन व अंगाच्या मध्ये जाड सतरंजी.

मुक्कामाहून परतल्यावर तीन आठवड्यांच्या आत ताप आला, तर डॉक्टरांना सहलीविषयी आवर्जून सांगावे. गवतातील सूक्ष्म किडींच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस २०१८ मध्ये नागपूर परिसरात साथीच्या रूपात दिसला होता. काखेत, जांघेत काळी खपली शोधल्यास निदान लवकर होते आणि डॉक्सिसायक्लिनने तो बरा होतो.

निघण्यापूर्वी १०८ हा क्रमांक आणि व्हेंटिलेटर असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव कागदावर लिहून घ्यावे, कारण दरीत मोबाईल चालेलच असे नाही. सहलीच्या पिशवीत खाण्याचे डबे तर असतातच. माणशी एक मच्छरदाणीही असावी. एवढी तयारी असली की तळ्यावरचे चांदणे डोळे भरून पाहावे आणि निर्धास्त झोपावे.