घोळणा फुटला तर मान मागे नको

जबलपूरची लू ज्यांनी अंगावर घेतली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी होते की नाक आतून तडकतं. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी माझा घोळणा फुटला. फौजेत जवानांचे पुष्कळ पाहिले होते, त्यामुळे घाबरलो नाही. लहानपणापासूनच्या सवयीने मान मागे टाकली, डोक्यावर गार पाणी घेतलं, बायकोने फोडलेला कांदा हुंगायला दिला. अर्ध्या तासाने रक्ताची उलटी झाली. रक्त थांबलंच नव्हतं. घशातून पोटात जात होतं.

खरी कवायत अशी आहे. ताठ बसा, थोडं पुढे वाका, नाकाच्या हाडाखालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा आणि तोंडाने श्वास घ्या. घड्याळ लावून दहा ते पंधरा मिनिटं सोडू नका. ‘थांबलं का?’ म्हणून मध्येच बघण्याची आपल्याला भारी खोड. बघितलंत की पुन्हा शून्यापासून. नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. बहुतेक घोळणे तिथूनच फुटतात, म्हणून नुसत्या दाबाने थांबतात.

माझं रक्त मात्र मागून येत होतं, आणि स्टेंटमुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या. तिथे चिमटी पोचत नाही. दवाखान्यात आधी नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहिलं. मग रक्तवाहिन्या आकसवणारं औषध नाकात घातलं आणि दुर्बिणीतून जागा शोधली. पुढची जागा सापडली तर सिल्व्हर नायट्रेटने डागतात. नाही तर नाकात पॅक भरतात. मागून येत असेल तर फुगा असलेली नळी घालून फुगवतात. कधी कधी त्यासाठी लघवीची फोलीची नळीच वापरतात. हे ऐकून मी त्या अवस्थेतही हसलो. मला ती घालून दोन दिवस भरती ठेवलं. दुखतं, खोटं कशाला सांगू. एवढ्यानेही थांबलं नाही, तर दुर्बिणीतून नाकाच्या मागची धमनी बंद करतात, किंवा मांडीतून बारीक नळी नेऊन आतूनच ती बुजवतात.

एक चूक माझ्या हातून होता होता राहिली. घाबरून मी गोळ्या बंद करणार होतो. ते डॉक्टरांनीच ठरवायचं; अचानक थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

पंधरा मिनिटं दाबून पुन्हा पंधरा मिनिटं दाबलं तरी थांबत नसेल, रक्त घशात उतरत असेल, चक्कर येत असेल किंवा डोक्याला मार लागला असेल, तर सरळ इस्पितळ गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पहिल्या पंधरा मिनिटांनंतरच निघा. स्वतः गाडी चालवू नका. मी चालवली होती.